खेळण्यांच्या कंपनीतला ‘आपला माणूस’ गेला की काय होतं?

अहमदपूर : मृग जवळ आला की अहमदपूर-चाकूर पट्ट्यातल्या कुठल्याही कृषी सेवा केंद्राबाहेर एक दृश्य हमखास दिसतं. सोयाबीनच्या बॅगांच्या थप्पीजवळ बियाणे कंपनीचा फिल्डवाला उभा असतो आणि त्याच्याभोवती पाच-सात शेतकरी. उगवण कमी झाली तर टोल फ्री नंबर कुणी लावत नाही, या माणसाला फोन जातो. तो कंपनीचा पगार घेतो, पण गावात त्याला ‘आपला माणूस’ म्हणतात. मग एक दिवस कळतं, की साहेबांनी कंपनी सोडली. बॅगेवरचं नाव तेच, भाव तोच, तरी शेतकरी विचारतो, ‘आता कुणाला बोलायचं?’

हाच प्रश्न डेन्मार्कच्या एका खेळण्यांच्या कंपनीच्या चाहत्यांना २००६ मध्ये पडला होता. कंपनी होती लेगो. आणि सोडून गेलेल्या माणसाचं नाव जेक मॅकी.

खेळण्यांच्या कंपनीला ‘चाहत्यांशी संपर्क ठेवणारा अधिकारी’ कशाला लागतो, तो गेल्याने कुणाचं काय बिघडतं आणि यातून आपल्याकडच्या माणसाने काय घ्यायचं, ते समजून घेऊ.

आधी लेगोबद्दल थोडं

ओले कर्क क्रिस्टियनसेन या सुताराने १९३२ मध्ये बिलुंड या छोट्या गावात लाकडी खेळणी बनवायला सुरुवात केली. डॅनिश भाषेतल्या ‘छान खेळ’ अशा अर्थाच्या दोन शब्दांवरून कंपनीचं नाव पडलं. आज आपण ओळखतो त्या प्लॅस्टिकच्या विटेचं पेटंट जानेवारी १९५८ मधलं. त्या वर्षीची वीट आजच्या विटेत अजूनही घट्ट बसते. साच्याच्या मापात इतक्या वर्षांत केसाइतकाही फरक पडू द्यायचा नाही, हे काम ज्यांनी वर्कशॉपमध्ये फाइल घासली आहे त्यांनाच कळेल.

आठ टिकल्यांच्या, एकाच रंगाच्या फक्त सहा विटा घेतल्या तर त्या किती प्रकारे जोडता येतात? ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५. म्हणजे विकत घेतलेल्या डब्यावर जे चित्र असतं ती फक्त एक शक्यता. बाकीच्या शक्यता शोधत बसणारी माणसं जगभर आहेत आणि त्यातली बरीच मोठी आहेत, नोकरी करणारी, घरसंसार असलेली. ती स्वतःचे गट करतात, प्रदर्शनं भरवतात, हजारो विटांचे किल्ले आणि आगगाड्या उभ्या करतात.

कंपनीला मात्र बराच काळ या मोठ्या माणसांचं काय करायचं तेच कळत नव्हतं. खेळणं मुलांचं, गिऱ्हाईक मुलं, हा हिशोब. बाहेरच्या माणसाने एखादी कल्पना पाठवली तर ‘आम्ही बाहेरच्या कल्पना स्वीकारत नाही’ असं उत्तर जायचं. यात उर्मटपणापेक्षा वकिली काळजी जास्त होती. उद्या तसंच खेळणं बाजारात आलं आणि ‘ही माझी कल्पना’ म्हणून कुणी दावा लावला तर?

दार उघडलं कसं?

१९९८ हे वर्ष लेगोसाठी दोन कारणांनी महत्त्वाचं. त्या वर्षी कंपनी पहिल्यांदा तोट्यात गेली. आणि त्याच वर्षी ‘माइंडस्टॉर्म्स’ हा संच आला, ज्यात विटांबरोबर प्रोग्रॅम करता येणारा छोटा कॉम्प्युटर होता. विटांचा रोबो बनवा आणि चालवा.

काही आठवड्यांतच स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने तो कॉम्प्युटर आतून कसा चालतो ते शोधून काढलं आणि जगासमोर मांडलं. मग इतरांनी त्यासाठी स्वतःच्या प्रोग्रॅमिंग भाषा लिहिल्या. कंपनीपुढे दोन रस्ते होते, नोटीस पाठवायची किंवा गप्प बसून बघायचं. लेगोने तिसरा निवडला. सॉफ्टवेअरच्या परवान्यातच हे खेळणं उघडून त्यात बदल करायचा हक्क वापरणाऱ्याला देऊन टाकला.

पण परवान्यात एक ओळ घातली म्हणजे बोलणं सुरू होत नाही. त्यासाठी माणूस लागतो. २००० च्या सुमारास कंपनीत थेट ग्राहकांसाठी वेगळा विभाग आला, त्याचे वरिष्ठ अधिकारी चाहत्यांच्या गटात स्वतः जाऊन लिहू लागले. याच काळात अमेरिकेतले जेक मॅकी कंपनीत आले. ते आधी चाहते, मग कर्मचारी. पुढे जगभरच्या चाहत्यांशी संबंध ठेवण्याचं काम त्यांच्याकडे आलं.

या नोकरीत नेमकं काय करायचं असतं?

हे ग्राहक सेवा केंद्राचं काम नाही आणि जाहिरात खात्याचंही नाही. ग्राहक सेवावाला तुटलेली वीट बदलून देतो. जाहिरातवाला कंपनीचं म्हणणं बाहेर नेतो. संपर्क अधिकारी दोन्हीकडचं ओझं वाहतो. बाहेरचा राग आत न्यायचा, तोही साहेबांना समजेल अशा भाषेत. आतला निर्णय बाहेर सांगायचा, तोही लोकांना फसवल्यासारखं वाटणार नाही असा. आणि पुढच्या वर्षीचे संच माहीत असूनही तोंडातून शब्द काढायचा नाही. मित्रांमध्ये बसून हे करायचं, हे वाटतं तितकं सोपं नाही.

कस लागला तो राखाडी रंगावरून. २००४ च्या आसपास लेगोने राखाडी आणि तपकिरी विटांच्या छटा बदलल्या. जुना राखाडी किंचित पिवळसर होता, नवा निळसर. मुलांच्या लक्षातही आलं नसतं. पण दहा वर्षं राखाडी विटा जमवून किल्ला बांधणाऱ्याचं काय? निम्म्या घराला रंग देऊन झाल्यावर दुकानदार ‘तसाच आहे हो’ म्हणत दुसरा डबा हातात ठेवतो, आणि भिंतीवर लावल्यावर फरक दिसतो. तशी गत झाली.

चाहते भडकले ते रंगावर कमी आणि न विचारल्यावर जास्त. जुना रंग काही परत आला नाही. कंपनीने एक शब्द मात्र दिला, की यापुढे मुख्य रंगांशी अशी छेडछाड होणार नाही. एवढं पदरात पडलं, कारण ओरडणाऱ्यांचं म्हणणं आत पोहोचवणारं कुणीतरी होतं.

हे सगळं चालू असताना कंपनी बुडण्याच्या काठावर होती, हेही लक्षात घ्यायला हवं. २००३ आणि २००४ ही सलग दोन वर्षं मोठ्या तोट्याची. २००४ मध्ये क्रिस्टियनसेन कुटुंबाबाहेरचा पहिला प्रमुख, यॉर्गन विग क्नुडस्टॉर्प, खुर्चीवर बसला. २००५ मध्ये लेगोलँड उद्यानांचा मोठा हिस्सा विकावा लागला. अशा वेळी कुठलाही हिशोबी माणूस आधी ‘गप्पा मारणारं’ पद कापतो. लेगोने कापलं नाही.

मॅकी गेले, मग?

२००६ मध्ये मॅकींनी कंपनी सोडली आणि इतर कंपन्यांना हेच काम शिकवण्याच्या व्यवसायात गेले. भांडून नाही, हाकलून नाही. तरी अशा जाण्याने पोकळी पडतेच.

कारण या कामातला बराचसा माल कागदावर नसतो. कुठल्या गटातला कोण तापट आहे पण मनाने सरळ आहे, कुणाला आधी फोन केला तर बाकीचे ऐकतात, मागच्या वेळी कुणाला काय शब्द दिला होता. ही माहिती हँडओव्हरच्या फाइलमध्ये येत नाही. दिलेला शब्द तर अजिबात येत नाही. नवा माणूस म्हणणार, ‘मला कल्पना नाही, बघून सांगतो.’ तालुक्याच्या कचेरीत बदली झालेल्या साहेबांच्या जागी आलेल्या नव्या साहेबांकडून हे वाक्य आपण किती वेळा ऐकलं आहे!

लेगोचं नशीब असं, की मॅकी जाण्याआधीच काम एका माणसाच्या खिशातून बाहेर यायला लागलं होतं. २००५ मध्ये चाहत्यांच्या गटांमधूनच प्रतिनिधी निवडून त्यांना ‘राजदूत’ नेमायची पद्धत सुरू झाली. म्हणजे पुलाचं एक टोक चाहत्यांच्या हातात गेलं. कंपनीच्या बाजूला पुढे वेगवेगळ्या खंडांसाठी वेगळी माणसं नेमली गेली. त्यातलेही काही आले, काही गेले. प्रत्येक वेळी हळहळ झाली, पण बोलणं थांबलं नाही.

नंतर तर कल्पना स्वीकारायचीच पद्धत बसली. २००८ मध्ये जपानमध्ये एका उपक्रमाने सुरुवात झाली, जो २०१४ पासून ‘लेगो आयडियाज’ या नावाने चालतो. तुमच्या रचनेला १० हजार लोकांचा पाठिंबा मिळाला, की कंपनी तपासणी करते आणि संच बाजारात आणला तर निव्वळ विक्रीच्या १ टक्का रक्कम तुम्हाला. ‘बाहेरच्या कल्पना घेत नाही’ म्हणणारी हीच ती कंपनी.

मग सगळं गोडच आहे का?

नाही. माइंडस्टॉर्म्सची २००६ मधली नवी आवृत्ती तयार करताना कंपनीने चार चाहत्यांना गुपचूप सोबत घेतलं. सेन्सर कुठले असावेत, मोटर कशी असावी, सॉफ्टवेअरमध्ये काय हवं, यावर ते महिनोन्महिने घासाघीस करत होते. बिलुंडला बैठकीला बोलावलं तेव्हा विमानाचं तिकीट त्यांनी स्वतः काढलं. मोबदला म्हणून मिळाले लेगोचे संच. चौघेही खूश होते. आवडीचं काम आहे, कंपनी ऐकते आहे, अजून काय पाहिजे!

इथे थोडं थांबायला हवं. इंजिनिअरिंग करून पुण्यात ‘अनुभव मिळेल’ म्हणून फुकट इंटर्नशिप केलेल्या पोरांना हे चित्र ओळखीचं वाटेल. चाहत्याचं प्रेम आणि कंपनीचा फायदा यांच्यामधली रेघ पुसट असते, आणि ती नीट आखणं हेही त्या संपर्क अधिकाऱ्याचंच काम. तो दमदार असेल तर ‘यांना निदान तिकिटाचे पैसे द्या’ असं आत म्हणू शकतो. तो गेला आणि जागा रिकामी ठेवली, तर म्हणायला कुणीच उरत नाही.

आणि शेवटचा शब्द कंपनीचाच असतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये लेगोने जाहीर केलं, की माइंडस्टॉर्म्स वर्षअखेर बंद. चाहत्यांनी २४ वर्षं वाढवलेली गोष्ट एका घोषणेत संपली. ती थांबवणं कुठल्याही संपर्क अधिकाऱ्याच्या हातात नव्हतं.

महाराष्ट्रात असं काही?

आपल्याकडे खेळण्यांच्या कंपनीत असं पद आणि त्याची अशी चर्चा दिसत नाही. पण खेळणी, त्यांच्यावर जीव लावणारे लोक आणि मधला माणूस जागा सोडतो, हे पुण्यात घडलं आहे. फक्त तिथे कंपनी नव्हती.

अरविंद गुप्ता १९७५ चे आयआयटी कानपूरचे इंजिनिअर. पुण्यात टेल्कोत नोकरी. १९७८ मध्ये वर्षभराची रजा काढून ते मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि तिथे आगकाड्या व सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून भूमितीचे आकार बनवायला लागले. त्रिकोण दाबला तर हलत नाही, चौकोन वाकडा होतो. घराच्या कैचीत त्रिकोण का असतो, हे मुलाला बोटांनी कळतं. लेगोच्या विटेचं काम, काही पैशांत.

२००३ पासून ते पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत होते. डॉ. जयंत नारळीकरांनी उभ्या केलेल्या या संस्थेतल्या त्या वास्तूचं नाव ‘पुलस्त्य’, पु. ल. देशपांडे यांच्या नावाशी जोडलेलं. २०१४ मध्ये गुप्तांनी ती जागा सोडली. २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या सहकाऱ्यांपैकी मनीष जैन यांनी पुढे आयआयटी गांधीनगरमध्ये असंच केंद्र उभं केलं.

गुप्ता गेले तेव्हा शिक्षकांचं काय अडलं? फारसं काही नाही. कारण शेकडो खेळण्यांच्या कृती, फिल्म आणि पुस्तकं आधीच सगळ्यांसाठी फुकट ठेवलेली होती, मराठीतही. परवाना नाही, पेटंट नाही, बंद करण्याची घोषणा करू शकेल असा मालक नाही. एखादं खेळणं पुढच्या वर्षी बाजारात येणार की नाही, हे कुणाला विचारायचीही गरज नाही.

लेगोचा संच अहमदपूरच्या मुलापर्यंत पोहोचणं आजही अवघड आहे. परदेशी खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७० टक्के. आगकाडीचा त्रिकोण मात्र जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींच्या मोबाइलवर आत्ताही उघडतो. व्हॉल्व्ह ट्यूब सायकलच्या दुकानात मागावी लागते. आगकाड्यांचं गुल तेवढं आधी खरवडून काढा.