तबकडीवर न छापलेली नावे

जाझ हा शब्द उच्चारला की आपल्याकडे दोन मते ठरलेली असतात. एक, तो नुसता धांगडधिंगा. दुसरे, तो मुंबईच्या बड्या हॉटेलांतील शौक. गिरण्यांच्या आणि शाहिरीच्या सोलापूरशी त्याचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि ज्यांच्या माळ्यावर जुन्या तबकड्यांची पेटी पडून आहे, त्यांच्या तर तो अगदी डोक्यावर आहे. तो कसा, हेच आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

प्रथम जाझ म्हणजे काय ते पाहू. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात कृष्णवर्णीय कलावंतांनी हे संगीत घडविले. त्याची दोन लक्षणे ध्यानात ठेवली तरी पुष्कळ झाले. चार मात्रांच्या चालीत आपण पहिल्या मात्रेवर, समेवर, टाळी देतो. जाझचा रसिक दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर चुटकी वाजवितो. त्याने चालीला एक झोका मिळतो. दुसरे लक्षण आपल्या ओळखीचे आहे. ठरलेल्या आवर्तनात वादक त्या क्षणी सुचेल ते वाजवितो आणि ख्यालगायक तान घेऊन समेवर यावा तसा मूळ चालीवर परततो. भेद इतकाच की आपला गवई रागाच्या मर्यादेत फिरतो, तर हा वादक एकामागून एक येणाऱ्या स्वरसंघांच्या आधाराने फिरतो.

१९३० नंतरच्या दशकात ‘बिग बँड’ म्हणजे मोठे ताफे पुढे आले. ट्रम्पेट, ट्राँबोन आणि सॅक्सोफोन असे वादकांचे गट बसावयाचे. एका गटाने ओळ टाकावी, दुसऱ्याने ती उचलावी. शाहीर राम जोशी ज्या गावात जन्मले, त्या गावाला शाहीर आणि झीलकरी यांचे हे नाते अधिक समजावून सांगावयास नको.

आता हे संगीत आपल्याकडे आले कसे? १९३५ साली लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक आपला ताफा घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. पुढे टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक आला. तो येथेच रमला आणि १९४५ साली कलकत्त्यात वारला. या मंडळींचे वाजविणे आत्मसात केले ते मुख्यतः गोव्याच्या तरुणांनी. गोव्यातील चर्चच्या शाळांत मुलांना व्हायोलिन आणि पाश्चात्य स्वरलेखन शिकविले जाई. त्यामुळे कागदावरचे संगीत वाचणे त्यांना बाराखडीइतके सोपे होते. हळदोण्याचा आंतोनियो शावियेर वाझ हा त्यांतलाच. ‘चिक चॉकलेट’ या नावाने तो ट्रम्पेट वाजवी आणि लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत.

१९४९ च्या कायद्याने मुंबई राज्यात दारूबंदी आली, हॉटेलांतील नाचगाण्याला ओहोटी लागली आणि या वादकांना चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाचा आधार मोठा वाटू लागला. तेथे त्यांची गाठ पडली ती पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकर यांच्याशी, म्हणजे आपल्या सी. रामचंद्रांशी. १९५१ चा ‘अलबेला’ आठवा. भगवान आणि गीता बाली यांच्या त्या सुप्रसिद्ध नाचाच्या गाण्यात बोंगो, ओबो, क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन अशी वाद्ये एकत्र नांदतात. आणि त्याच चित्रपटातील अंगाई मात्र अस्सल देशी वळणाची आहे. चिक चॉकलेट हा या कामात रामचंद्रांचा सहकारी होता. म्हणजे जाझ शोधावयास बोटीने जावयास नको. ते चित्रपटगृहांतून आणि लग्नाच्या बँडमधून आपल्या पेठांत कधीच येऊन गेले आहे.

मग ते आपल्याला ठाऊक कसे नाही? याचे उत्तर तबकडीवरच्या गोल कागदात आहे. त्यावर चित्रपटाचे, गायकाचे आणि संगीत दिग्दर्शकाचे नाव असते. ज्याने दिग्दर्शकाच्या गुणगुणण्याचे पन्नास वादकांसाठी स्वरलेखन केले, त्याचे नाव सहसा नसते. आणि ज्याने दोन कडव्यांच्या मधला तुकडा वाजविला, त्याचे तर नसतेच. सेबास्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्यासाठी अशी वाद्यरचना वर्षानुवर्षे केली. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांचे नाव घरोघर पोचले ते १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मुळे, आणि तेही त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी गुरूचे स्मरण गाण्यात गुंफले म्हणून. ते नाव एका खऱ्या माणसाचे आहे, हे गाणे गुणगुणणाऱ्यांपैकी कितीकांस ठाऊक होते?

याउलट अमेरिकेत काय चालले होते ते पाहणे मौजेचे आहे. १९४८ साली लाँगप्लेइंग तबकडी निघाली आणि दिवाणखान्यात मंद वाजत ठेवावयाच्या संगीताला बहर आला. मार्टिन डेनीच्या १९५७ च्या ‘एक्झॉटिका’ या तबकडीत वाद्यांच्या जोडीला वादकांनीच काढलेले पक्ष्यांचे आवाज आहेत. कोर्ला पंडित नावाचा फेटेवाला तर दिल्लीचा हिंदू म्हणून ऑर्गन वाजवून लोकप्रिय झाला. तो अमेरिकेतच जन्मलेला कृष्णवर्णीय जॉन रेड होता, हे त्याच्या मृत्यूनंतर २००१ साली उघड झाले. तिकडे खोट्या हिंदूला प्रसिद्धी मिळाली, इकडे खऱ्या वादकांची नावे कागदावर आली नाहीत. आपल्याकडे १९६८ साली शंकर-जयकिशन यांनी ‘रागा जाझ स्टाइल’ ही तबकडी काढली. तीत रईस खाँ यांची सतार जाझच्या ताफ्याबरोबर तोडी आणि मालकंस वाजविते. नवख्या श्रोत्याने आरंभ येथून करावा.

जुन्या तबकड्या हाती लागल्या तर दोन गोष्टी सांभाळाव्यात. ७८ फेऱ्यांच्या तबकडीत बहुधा लाख असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. म्हणून ती स्पिरिटने पुसू नये. तिची खाच रुंद, लाँगप्लेची अरुंद; म्हणून एकीची सुई दुसरीला लावू नये. ठेवताना त्या पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात.

आणि ऐकताना एकदा गायकाचा आवाज मनाने बाजूला सारावा. जेथे गाणारा श्वास घेतो, तेथे कोण वाजवितो आहे ते ऐकावे. गावातील जुन्या बँडवाल्यांना, वाद्यवृंदांत वाजविलेल्या वृद्धांना ती तबकडी ऐकवावी. वादक कोण हे त्यांना ठाऊक असेल तर ते लिहून पाकिटातच ठेवावे. अँथनी गोन्साल्विस २०१२ साली गेले. ती पिढी आता सरत आली आहे. तबकडी रद्दीवाल्याच्या तराजूत पडण्यापूर्वी एवढे घडले, तर एका मोठ्या ऋणाची थोडी तरी फेड होईल.