फायबरच्या होडीवरची तपकिरी रेघ

तीर्थपुरीहून पैठणला गेलात, तिथल्या नाथसागर जलाशयावर फायबरची होडी जवळून पाहिलीत, तर पाण्याच्या पातळीला एक पिवळट-तपकिरी पट्टा दिसेल. साबणाने घासा, जात नाही. कारण तो नुसता मळ नसतो. शेवाळ आणि कुजलेल्या पाल्याचा रंग, पाण्यातलं लोह, वर क्षारांचा थर, असं सगळं तिथं एकत्र बसलेलं असतं.

फायबरवरचा चकचकीत थर म्हणजे जेलकोट. तो जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. म्हणून तारेची घासणी नकोच! तिचे कण अडकून तेच पुढे गंजतात, म्हणजे एक डाग काढायला जाऊन दहा पदरात.

पांढरा क्षार म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. तो सायट्रिक ॲसिडच्या पाण्याने किंवा व्हिनेगरने विरघळतो. तपकिरी रेघ आणि गंजासाठी खरं औषध ऑक्झॅलिक ॲसिड. ते लोहाला धरून पाण्यात विरघळणारं संयुग बनवतं. होडी काठावर ओढा, सौम्य द्रावण लावा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, भरपूर पाण्याने धुवा. हे ॲसिड विषारी आहे. हातमोजे, चष्मा हवाच, आणि धुतलेलं पाणी जलाशयात सोडू नका. ब्लीचिंग पावडर ॲसिडमध्ये कधीच मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो.

संडास साफ करायचं ॲसिड वापरणारेही भेटतात. माझ्या मते तो होडीवर अन्याय आहे.

शेवटी कोरड्या होडीवर मेणाचं पॉलिश चढवा, पुढचा थर सहज निघतो.