टेक्सासचा चैत्र आणि आमच्या दोन मुली

वाचकांपैकी पुष्कळांची मुले, भाचरे, नातवंडे आज परदेशी आहेत. कोणी लंडनला, कोणी पॅरिसला, कोणी कॅनडात. आम्ही त्यांच्यातलेच. अमेरिकेतील टेक्सास राज्यात, डॅलसला लागून असलेल्या अर्विंग शहरात आमचे बिऱ्हाड आहे. घरात आम्ही दोघे आणि दोन मुली. थोरली नऊ वर्षांची, धाकटी सहा वर्षांची. परदेशच्या संसाराविषयी लिहायचे म्हटले की पगार, बंगला आणि मोटार यांच्याच गोष्टी निघतात. त्या बाजूला ठेवून येथला वसंत ऋतू आमच्या घरात कसा जातो तेवढेच सांगावे असे आम्ही योजले आहे. मुलींचे मराठी टिकते की जाते याची परीक्षा आमच्या घरी याच दोन-तीन महिन्यांत होते, म्हणून.

आधी गावाची ओळख करून देतो. अर्विंग १९०३ साली वसले. २०२० च्या जनगणनेत त्याची वस्ती अडीच लाखांवर होती. १९७४ मध्ये सुरू झालेल्या डॅलस-फोर्ट वर्थ विमानतळाचा काही भाग या शहराच्या हद्दीत येतो, त्यामुळे आकाशात विमानांची ये-जा अखंड चालू असते. लास कोलिनास या भागात पाण्याचा ओहळ तुडवीत दौडणारे नऊ काशाचे घोडे आहेत. ते शिल्प रॉबर्ट ग्लेन यांचे, १९८४ सालचे. आमची धाकटी दर खेपेस ते घोडे मोजते. हिंदी लोकांची वस्ती येथे भरपूर आहे. वाणसामानाची दुकाने आहेत, देऊळ आहे, आणि टॉमस जेफरसन उद्यानात २ ऑक्टोबर २०१४ रोजी उभा केलेला महात्मा गांधींचा सात फुटी पुतळाही आहे. गांधीजी १९०१ मध्ये आपल्या मॉरिशसलाही उतरले होते, हे थोरलीने वर्गात सांगितले. मॉरिशस नकाशावर कुठे आहे हेही तिलाच दाखवावे लागले.

आता ऋतूविषयी. आपल्या बेटावर चैत्र येतो तो उन्हाळा सरता सरता, वादळांच्या दिवसांत. लहानपणी बैठकेत गुरुजी चैत्रपालवीचे वर्णन करीत आणि आम्ही खिडकीबाहेर पाहत असू. बाहेर ऊस कमरेच्या वर गेलेला आणि सगळे आधीपासूनच हिरवे. नवी पालवी म्हणजे काय ते आम्हांला अर्विंगला आल्यावर कळले. येथे हिवाळ्यात झाडांचे नुसते खराटे उरतात. मार्च लागला की रेडबड नावाच्या झाडाला पानांच्या आधी गुलाबी फुले येतात, आणि पंधरा दिवसांत सगळी गल्ली बदलते. पेकन हे टेक्सासचे राज्यवृक्ष मात्र सावकाश जागे होते. पेकनला पालवी फुटेपर्यंत थंडी गेली असे समजू नका, असे येथले जुने लोक सांगतात.

हा सल्ला आमच्या फार उपयोगी पडतो, कारण आमच्या घरी कारीपुल्याची एक कुंडी आहे. महाराष्ट्रातले लोक त्याला कढीपत्ता म्हणतात. हे झाड थंडीत बाहेर राहिले तर जळून जाते. फेब्रुवारी २०२१ मध्ये विमानतळावरचा पारा उणे १९ सेल्सिअसच्या जवळ उतरला होता, तेव्हा कुंडी आम्ही न्हाणीघरात ठेवून वाचवली. दरवर्षी पेकन फुटले की कुंडी अंगणात न्यायची, असा आता रिवाजच पडला आहे. धाकटी पाणी घालते, थोरली पाने खुडते, आणि त्या दिवशी डाळीला खरी फोडणी बसते.

मार्चमध्ये आणखी एक गोष्ट घडते. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पहाटे सगळी घड्याळे एक तास पुढे सरकवतात. मोठ्या माणसांची झोप मोडते, मुली सोमवारी उठत नाहीत, शाळेची गाडी चुकते. पण आमच्या घरी या दिवसाची वाट पाहतात. हिवाळ्यात मॉरिशस आमच्यापुढे दहा तास असते, घड्याळ सरकले की नऊ तास. आजी एक तासाने जवळ आली, असे धाकटी म्हणते. सकाळी सात वाजता इकडे डबे भरायची घाई असते, आणि तिकडे चार वाजता आजीचा चहा उकळत असतो. दूरध्वनी स्वयंपाकघराच्या ओट्यावर उभा करून ठेवायचा आणि आपापली कामे करीत बोलायचे. रोज दहा मिनिटे, पण ती मराठीतली असतात. खरे सांगायचे तर आजीच्याही बोलण्यात अर्धे शब्द क्रिओल असतात. तरी मुलींच्या कानाला ते मराठीच वाटते, आणि आम्ही ते सुधारायला जात नाही.

पाडवा कधी मार्चमध्ये येतो, कधी एप्रिलमध्ये. तो बहुधा कामाच्या दिवशी पडतो आणि येथे सुट्टी नसते. म्हणून गुढी पहाटेच उभारायची, आणि मंडळाचा सोहळा पुढच्या शनिवार-रविवारी. काठी पडद्याची, लोटा तांब्याचा, वस्त्र आजीने दिलेल्या लुगड्याचे. साखरेच्या गाठी आणि आंब्याची पाने दुकानात मिळतात. अडचण कडुनिंबाची. टेक्सासच्या थंडीत तो तग धरत नाही. त्याच्यासारखे दिसणारे एक झाड येथे मात्र जागोजाग आहे. वसंतात त्याला फिकट जांभळ्या फुलांचे घोस येतात. ते बकाण निंब, इंग्रजीत चायनाबेरी. नवीन आलेल्यांना ते कडुनिंबच वाटते. पण बकाणाची फळे आणि पाने विषारी आहेत. मुलाबाळांच्या घरी हे ठाऊक असलेले बरे. आम्ही दुकानातल्या पाकिटातली चार पाने आणतो आणि गुळाबरोबर वाटतो. थोरली तोंड वाकडे करून गिळते. धाकटी अजून फक्त गूळ शोधून खाते.

२०२४ चा पाडवा आम्ही कधी विसरणार नाही. त्या वर्षी तो ९ एप्रिलला होता, आणि आदल्या दिवशी, सोमवती अमावास्येला, खग्रास सूर्यग्रहण नेमके आमच्या गावावरून गेले. सकाळपासून ढग होते. दुपारी ते विरळ झाले, आणि एक वाजून चाळीस मिनिटांच्या सुमारास भर दिवसा अंधार पडला. तीन मिनिटांहून अधिक वेळ तो टिकला. रस्त्यावरचे दिवे आपोआप लागले, पाखरे गप्प झाली. मॉरिशसला तेव्हा रात्रीचे पावणेअकरा होत आले होते. ग्रहण तिकडे नव्हते, तरी आजी जागी राहिली होती. तिने आदल्या दिवशीच बजावले होते की अन्नावर तुळशीचे पान ठेवा आणि सुटल्यावर अंघोळ करा. मुलींच्या डोळ्यांवर काळे चष्मे होते, आणि भाताच्या भांड्यावर तुळशीचे पान होते. चंद्र सूर्याच्या आड कसा येतो ते थोरलीने आजीला समजावले. तिचे मराठी मध्येच संपले, तेव्हा तिने दोन बटाटे हातात घेऊन दाखवले. आजीला सगळे समजले.

एप्रिलमधला आणखी एक सोहळा म्हणजे निळी फुले. ब्लूबॉनेट हे टेक्सासचे राज्यपुष्प, १९०१ पासूनचे. बॉनेट म्हणजे तान्ह्या बाळाची कुंची. म्हणून आमच्या घरी त्याचे नाव निळी कुंची. डॅलसच्या दक्षिणेला एनिस नावाचे गाव आहे. १९९७ मध्ये राज्याने त्याला ब्लूबॉनेटचे शहर म्हणून मान दिला. तेथे एप्रिलमध्ये चाळीसेक मैलांच्या वाटा फुलांनी भरून जातात. टेक्सासमध्ये प्रत्येक घरात एक छायाचित्र असतेच : मुले नव्या कपड्यांत निळ्या फुलांमध्ये बसलेली. आम्हीही दरवर्षी काढतो. फुले मात्र तुडवायची नाहीत, कारण बी धरले नाही तर पुढच्या वर्षी तेथे काही उगवणार नाही. शिवाय गवतात लाल मुंग्यांची वारुळे असतात, त्यामुळे बसायच्या आधी जागा पाहावी लागते. या फुलांचे बी फार कठीण कवचाचे असते. काही पहिल्याच शरदात रुजते, काही दोन-तीन वर्षे मातीत पडून राहते आणि मग उगवते. हे थोरलीने फलकावर वाचून आम्हांला सांगितले.

असा हा ऋतू सुंदर, पण त्याला दुसरी बाजूही आहे. मार्च ते मे हे उत्तर टेक्सासमध्ये चक्रीवातांचे दिवस. इंग्रजीत टोर्नेडो. २ एप्रिल १९५७ रोजी डॅलसमध्ये अशा वावटळीने दहा माणसे दगावली. ३ एप्रिल २०१२ रोजी डॅलसच्या आसपास एकाच दिवशी अनेक वावटळी उतरल्या, मालमोटारींचे मोठे पेटारे आकाशात उडाले, सुदैवाने जीवितहानी झाली नाही. आपल्याकडे सिक्लोन येतो तो दोन-तीन दिवस आधी सांगून. क्लास एक, क्लास दोन असे इशारे वाढत जातात. लोक पाणी भरतात, खिडक्या ठोकतात, पाव आणून ठेवतात. येथे दोनच इशारे. पहिल्याचा अर्थ, हवा तशी बनली आहे, सावध राहा. दुसऱ्याचा अर्थ, वावटळ दिसली किंवा रडारवर सापडली, ताबडतोब आसरा घ्या. दुसऱ्या इशाऱ्यानंतर हाती दहा-पंधरा मिनिटे मिळतात, कधी तेवढीही नाहीत. येथली काळी चिकणमाती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते, त्यामुळे बहुतेक घरांना तळघर नसते. घराच्या मधोमध, खिडकी नसलेल्या खोलीत जाऊन बसायचे, हाच उपाय.

एका एप्रिलमध्ये रात्री भोंगे वाजले. मुलींना उठवले, पायांत बूट घातले, सायकलची शिरस्त्राणे डोक्यावर चढवली आणि चौघे न्हाणीघरात जाऊन बसलो. वरून गाद्या घेतल्या. गारा छपरावर दगडांसारख्या पडत होत्या. धाकटी रडत होती. थोरली रडली नाही, पण तिने आमचा हात घट्ट धरला होता. अर्ध्या तासाने इशारा उठला. वावटळ आमच्याकडे आली नाही. सकाळी पाहिले तर मोटारीच्या पत्र्याला खळगे पडले होते, आणि अंगणात कारीपुल्याची कुंडी फुटलेली होती. झाड जिवंत होते.

त्या सकाळी थोरलीने आजीला ही हकीकत सांगितली. एरवी ती आजीच्या प्रश्नांना हो-नाही करते, बाकीचे इंग्रजीत. त्या दिवशी तिला सांगायचेच होते, म्हणून ती शब्द शोधू लागली. भोंगा कळला, गारा कळल्या. टोर्नेडोला मराठीत काय म्हणतात असे तिने विचारले. आजी म्हणाली, वावटळ म्हण. मग आजीने कॅरोलची गोष्ट काढली. २८ फेब्रुवारी १९६०. आजी तेव्हा आठ वर्षांची. जानेवारीत अ‍ॅलिक्स येऊन गेलेला, घर नुकते डागडुजी केलेले. कॅरोलमध्ये वाऱ्याचे झोत ताशी २५६ किलोमीटरपर्यंत गेले. उसाच्या पातीचे छप्पर गेले, तेव्हा सगळे शेजारच्या दगडी घरात पळाले. मग वारा एकदम थांबला. लोक बाहेर आले, काहींना वाटले संपले. आजीच्या वडिलांनी कोणाला बाहेर सोडले नाही. तो वादळाचा डोळा होता. पुढे वारा उलट्या दिशेने आला.

ही गोष्ट आम्ही लहानपणी अनेकदा ऐकली आहे. मुलींनाही ती आधी सांगितली होती, पण तेव्हा त्या ऐकता ऐकता उठून गेल्या होत्या. या वेळी थोरली हलली नाही. स्वतः न्हाणीघरात बसून आल्यावर आजीच्या वादळाचा अर्थ तिला लागला. शाळेला उशीर झाला. आम्ही होऊ दिला.

रविवारी येथे मराठी शाळा भरते. शिकवणाऱ्या बाया आणि बाप्ये पगार घेत नाहीत. मुले पुण्याची, नागपूरची, कोल्हापूरची. आमच्या दोघी तेवढ्या मॉरिशसच्या. फळ्यावर आपापल्या घरच्या भाजीपाल्याची नावे लिहायची होती, तेव्हा धाकटीने कारीपुले सांगितले. बाईंना तो शब्द ठाऊक नव्हता. त्यांनी विचारून घेतला आणि कढीपत्त्याच्या शेजारी तोही लिहिला. आपले वाडवडील मुंबई बंदरातून निघाले त्याला आता दीडशे वर्षांहून अधिक काळ लोटला. त्यांनी जे शब्द जपले त्यांत नवे शब्द मिसळले, आणि ते आता आपलेच झाले. आमच्या मुलींचे मराठी आजीच्या मराठीपेक्षा वेगळे होईल, यात शंका नाही. ते राहावे एवढीच आमची खटपट आहे. वाचकांना आमचा एवढाच आग्रह की परदेशच्या नातवंडांशी बोलताना अभ्यास कसा चालला आहे हे विचारून थांबू नका. आपल्या लहानपणी काय घडले ते सांगा. त्यांच्याकडे काय घडले ते विचारा. सांगण्यासारखे काही असले की मुले शब्द शोधतात.

मे अखेर शाळा संपतील. जूनमध्ये आम्ही चौघे बेटावर येत आहोत. येथे तेव्हा कडक उन्हाळा आणि तिकडे थंडी, ऊसतोडणी सुरू झालेली, म्हणून मुलींनी गरम कपडे काढून ठेवले आहेत. कारीपुले शेजारणीकडे राहील. थोरलीने आजीला विचारायच्या प्रश्नांची एक वही केली आहे, देवनागरीत. त्यांतला पहिला प्रश्न असा आहे : कॅरोल आला तेव्हा तुमची बकरी कुठे होती?