टँकमधला ‘तेल्या’

दोन महिने, दोन औषधं आणि नऊ मेलेले मासे. एवढं झाल्यावर कळलं की मी ज्याच्यावर उपचार करत होतो, तो पेशंटच चुकीचा होता!

फिश टँक घेताना सगळं किती सोपं वाटतं! काचेची पेटी, रंगीत खडे, एक फिल्टर, वर लाइट आणि दहा-बारा मासे. दुकानदार पिशवीत ऑक्सिजन भरून मासे हातात देतो, तेव्हा तर आपण एकदम खूश. दिवसभर मीटिंगा करून डोकं उठलं की टँकसमोर बसायचं आणि टेन्शन विसरायचं. मीही याच फंड्यावर टँक घेतला. फरक एवढाच, की माझा टँक पुण्याच्या फ्लॅटमध्ये नाही, नामपूरला आमच्या घरी आहे.

नामपूर म्हणजे नाशिक जिल्ह्यातल्या बागलाण तालुक्यातलं, मोसम नदीकाठचं गाव. कांद्याचं आणि डाळिंबाचं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप उचलून मी गावी आलो आणि ‘वर्क फ्रॉम होम’ लांबत गेलं, तेव्हा तीन फुटी टँक हॉलमध्ये आला. साधारण सव्वाशे लिटरचा. त्यात चार एंजल, सहा टेट्रा, दोन गोरामी आणि तळाशी फिरणारे दोन कोरी कॅटफिश. एकूण चौदा.

वडिलांना आम्ही आप्पा म्हणतो. आप्पांनी आधी नाक मुरडलं. पैसे अक्षरशः पाण्यात घातलेस, म्हणाले. पण महिन्याभरात सीन बदलला. सकाळचा चहा टँकसमोर, पेपर टँकसमोर. डाळिंबाची बाग काढल्यापासून आप्पा कशातच फारसा रस घेत नव्हते. ते आता ‘तो मोठा आज कमी खातोय’ असं सांगायला लागले. त्यामुळे हा टँक नुसता शोपीस राहिला नव्हता.

पांढरा ठिपका आणि निळं पाणी

२०२२ चा एप्रिल. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि अधूनमधून लोडशेडिंग. मोठ्या एंजलच्या तोंडावर कापसाच्या बोळ्यासारखं काहीतरी पांढरं दिसलं. दुकानदाराला फोटो पाठवला. लगेच उत्तर, ‘फंगस आहे, निळं औषध टाका.’ निळं औषध म्हणजे मिथिलीन ब्लू. टँकची शाई झाली. दोन-तीन दिवस बरं वाटलं, मग टेट्राच्या शेपट्या कडेने झिजायला लागल्या. एका गोरामीच्या पाठीवर खोगीर घातल्यासारखा फिकट पट्टा आला. मोठा एंजल गेला. पाठोपाठ दोन टेट्रा.

मग मी तेच केलं, जे आपण सगळेच करतो. व्हिडिओ बघितले. एकात कुणीतरी सांगत होतं, माणसांची टेट्रासायक्लीन गटातली कॅप्सूल फोडून टाका. एका मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळालीही! तीन दिवस टाकली, मासे जरा खायला लागले, म्हणून बंद केली. आठवड्याभरात पाणी गढूळ आणि रोग परत हजर. पुन्हा कॅप्सूल, या वेळी डबल. मासे मरायचे थांबेनात. मे संपेपर्यंत चौदाचे सहा राहिले. आप्पांनी टँकसमोर चहा घेणं बंद केलं. बोलले काहीच नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

पहिला प्रश्न औषधाचा नव्हताच

शेवटी कॉलेजचा एक जुना मित्र आठवला. त्याने रत्नागिरीजवळ शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून डिग्री घेतलीय. ‘यार, कुठलं औषध टाकू?’ असं मी विचारलं. त्याने उलट विचारलं, ‘पाणी कसं आहे?’

‘स्वच्छ आहे. दर रविवारी फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतो, एकदम पांढरा होईपर्यंत.’

पलीकडून मोठ्ठा उसासा!

त्याने सांगितलं ते थोडक्यात असं. हा कापूस म्हणजे बहुतेक बुरशी नव्हेच. कॉलमनॅरिस नावाचा जिवाणूंचा रोग अगदी तसाच दिसतो. १९२२ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी नदीतल्या माशांवर डेव्हिस या शास्त्रज्ञाने त्याचं वर्णन केलं. सूक्ष्मदर्शकाखाली हे जिवाणू खांबासारखे एकावर एक रचलेले दिसतात, म्हणून ते नाव. पाणी गरम झालं की हा रोग जोरात पसरतो. आणि मुख्य म्हणजे तो संधिसाधू आहे. धडधाकट माशाच्या आसपास असूनही बरेचदा काही करत नाही. मासा थकला, की झडप घालतो.

मग माझे मासे थकले कशाने? तर माझ्या स्वच्छतेने.

मासे जे उत्सर्जित करतात आणि जे अन्न तळाशी कुजतं, त्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो माशांना विष. फिल्टरच्या स्पंजमध्ये चांगल्या जिवाणूंची वस्ती असते. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट मात्र बऱ्याच प्रमाणात चालून जातं आणि पाणी बदललं की कमी होतं. ही वस्ती नव्या टँकमध्ये बसायला साधारण महिना-दीड महिना लागतो. आणि आमच्या नळाच्या पाण्यात ग्रामपंचायत टीसीएल पावडर टाकते. माणसांसाठी ते हवंच. पण त्या क्लोरीनच्या पाण्याखाली मी दर रविवारी स्पंज धूत होतो, म्हणजे ती वस्ती दर रविवारी मारत होतो. उरलेसुरले जिवाणू निळ्या औषधाने आणि कॅप्सूलने संपवले. लोडशेडिंगमध्ये फिल्टर तासन्‌तास बंद, पाणी बत्तीस अंशांवर. गरम पाण्यात ऑक्सिजनही कमी विरघळतो. वर आमचं पाणी क्षाराचं. असं पाणी अल्कधर्मी असतं आणि त्यात अमोनिया जास्त घातक ठरतो.

कॅप्सूलचं काय? टेट्रासायक्लीन गटातली औषधं जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला चिकटतात आणि त्यांचा जोर उतरतो. अर्धवट डोस दिला की कमजोर जंतू मरतात, चिवट मागे राहतात. मित्र म्हणाला, ‘तू रोग बरा करत नव्हतास, त्याला ट्रेनिंग देत होतास.’

टेस्ट किट मागवलं. बाटलीतले थेंब टाकल्यावर पाणी पिवळं राहायला हवं, म्हणजे अमोनिया शून्य. माझं पाणी गडद हिरवं झालं.

आप्पांची बाग

हा फोन स्पीकरवर होता. आप्पा दारात उभे राहून ऐकत होते. फोन संपल्यावर म्हणाले, ‘रोग मासामा नही, पानीमा शे.’ आणि मग बऱ्याच दिवसांनी बसून बोलले. बागेबद्दल.

आमची साडेसहाशे झाडं होती डाळिंबाची. बाहेरच्यांना सांगायचं तर ‘तेल्या’ म्हणजे डाळिंबावरचा जिवाणूजन्य करपा. पानांवर, फळांवर तेलकट डाग पडतात, फळ तडकतं, बाजारात किंमत शून्य. झँथोमोनस नावाच्या जिवाणूमुळे होतो. भारतात त्याची नोंद १९५२ पासून आहे, पण महाराष्ट्राच्या डाळिंब पट्ट्याला त्याने खरा दणका दिला तो २००० नंतरच्या दशकात. सोलापूरला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ मध्ये सुरू झालं, त्याच काळात. आमच्या बागेत तेल्या आला आणि आप्पांनी फवारे सुरू केले. कुणी काय सांगेल ते. स्ट्रेप्टोसायक्लीन या अँटिबायोटिकचे तर किती, त्याचा हिशेब नाही. डाग दिसला की फवारा, गेला की बंद, आला की डबल.

‘मी बी हेच करं,’ एवढंच म्हणाले. झाडांना विश्रांती दिली नाही, रोगट फांद्या छाटून जाळल्या नाहीत, छाटणीची कात्री एका झाडावरून दुसऱ्यावर तशीच नेली. पावसाळी हवेतला मृग बहार धरत राहिले, कारण त्या वर्षी पैशांची गरज होती. ‘फवारासवर बाग जगत नही,’ हे त्यांना कळलं तोवर झाडं काढायची वेळ आली होती. इतक्या वर्षांत हे ते आमच्याशी कधीच बोलले नव्हते.

पुढे डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने शेतीतल्या स्ट्रेप्टोमायसीन आणि टेट्रासायक्लीनवर बंदी घालण्याचा मसुदा काढला. कारण हीच औषधं माणसांनाही लागतात आणि जंतू एकदा निर्ढावले की शेत, टँक आणि हॉस्पिटल यांच्यात भिंत राहत नाही. मीही माझ्या हॉलमध्ये त्यात भर घालत होतो.

औषध बंद, पाणी सुरू

मग आम्ही दोघांनी मिळून नवा प्लॅन राबवला. मित्र फोनवर, मी नळीवर, आप्पा घड्याळावर.

सगळ्यात आधी आजारी मासे वेगळे केले. चाळीस लिटरचा प्लास्टिकचा टब, त्यात एअर पंप. लिटरला एक ग्रॅम या हिशेबाने साधं खडा मीठ, विरघळवून, दिवसभरात थोडं थोडं. कोरी कॅटफिशला मीठ सोसत नाही, म्हणून ते मुख्य टँकमध्येच ठेवले. टबावर टेबल फॅन लावला. वाऱ्याने बाष्पीभवन होतं आणि पाणी थंड होतं, आपल्या माठासारखं. दुपारी बत्तीसवर जाणारं पाणी सत्तावीसवर आलं.

मोठ्या टँकमध्ये रोज पाव पाणी बदललं. नवं पाणी पिंपात चोवीस तास उघडं ठेवून, क्लोरीन मारणारे थेंब टाकून आणि तापमान जुळवूनच घालायचं. तळाचा गाळ नळीने ओढून काढला. खाणं निम्मं. स्पंज आता टँकमधून काढलेल्या जुन्या पाण्यातच हलका पिळायचा. टबाची जाळी वेगळी, टँकची वेगळी. हा नियम आप्पांचा, कात्रीवरून शिकलेला. लाइट गेली तरी हवा चालू राहावी म्हणून बॅटरीवरचा एअर पंप आणला.

अँटिबायोटिक एकदाच वापरलं. पशुवैद्यकांना विचारून, फक्त टबात, त्यांनी सांगितले तितके सगळे दिवस. ते पाणी मोसम नदीकडे जाणाऱ्या गटारीत ओतलं नाही. टीसीएल टाकून दिवसभर ठेवलं आणि मग शोषखड्ड्यात सोडलं.

चमत्कार वगैरे झाला नाही. पहिल्या आठवड्यात आणखी एक टेट्रा गेला. पण दहाव्या दिवशी किटमधलं पाणी हिरव्यावरून पोपटी झालं, तिसऱ्या आठवड्यात पिवळं. एंजलच्या झिजलेल्या परांना काचेसारखी पारदर्शक नवी कडा फुटली. म्हणजे भरून येतंय. पाच मासे वाचले. दोन एंजल, एक गोरामी आणि दोन्ही कोरी.

२०२३ मध्ये ऑफिसने परत बोलावलं आणि मी पुण्याला आलो. टँक नामपूरलाच राहिला. त्याच वर्षी आप्पांनी घराजवळच्या तुकड्यात शंभर डाळिंबं लावली. फक्त शंभर. कात्र्या दोन घेतल्या, एक वापरायला आणि एक जंतुनाशकात बुडवून ठेवायला.

दर रविवारी सकाळी आप्पांचा व्हॉट्सॲपवर एक फोटो येतो. ना गुड मॉर्निंग, ना सुविचार. खिडकीच्या उजेडात धरलेली टेस्ट ट्यूब. पिवळी.

टँक आजारी पडला तर…

• औषध आणण्याआधी पाणी तपासा. अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवेत.

• कापसासारखं दिसतं ती बुरशीच असेल असं नाही. जिवाणू आणि बुरशी यांची औषधं वेगळी असतात.

• फिल्टरचा स्पंज नळाखाली कधीच धुऊ नका. टँकच्याच जुन्या पाण्यात पिळा.

• नवा मासा आणला की तीन-चार आठवडे वेगळ्या टबात ठेवा, मगच टँकमध्ये सोडा.

• उपचार चालू असताना हवेचे बुडबुडे वाढवा, खाणं कमी करा.

• अँटिबायोटिक स्वतःच्या मनाने नको, आणि सुरू केलं तर अर्धवट सोडू नका.

• हाताला जखम असेल तर टँकमध्ये हात घालू नका. माशांमधला एक जिवाणू माणसाच्या त्वचेवर महिनोन्‌महिने न भरणाऱ्या गाठी आणतो. अशी गाठ आली तर डॉक्टरांना ‘घरी फिश टँक आहे’ हे आवर्जून सांगा.