वॅटचा आकडा आणि फाटलेला आवाज

गेटसभेला कर्णा लागतोच. काही वर्षांपूर्वी सभासदांच्या वर्गणीतून आम्ही एक ध्वनिवर्धक घेतला. पेटीवर आकडा होता १०० वॅटचा. करार समजावून सांगताना आवाज वाढवला, तो असा फाटला की वाढ सातशेची की आठशेची हेच मागच्या रांगांना कळेना. दुसऱ्या दिवशी त्यावरून खात्याखात्यांत भांडणे झाली. तेव्हा पुस्तके धुंडाळून आम्ही त्या आकड्याचा अर्थ लावला; तोच येथे सांगतो.

ध्वनिवर्धकाला विजेचा जेवढा दाब मिळतो, त्यापलीकडे त्याला आवाजाची लाट उचलता येत नाही. समजा, ८ ओहमच्या कर्ण्यावर लाटेचे शिखर फार तर २० व्होल्टपर्यंत जाते. २० चा वर्ग ४००. त्याला ओहमच्या दुपटीने, म्हणजे १६ ने, भागले की २५ वॅट येतात. ही स्वच्छ आवाजाची शक्ती. बटण आणखी पिळले तर शिखर वाढत नाही, त्याचा माथा छाटला जातो. मात्र लाट माथ्यावर जास्त वेळ रेंगाळते, म्हणून वॅट वाढतात. छाटलेल्या लाटेत मुळात नसलेले सूर शिरतात. त्यांचे मूळ सुराशी असलेले प्रमाण म्हणजे विकृती. १० टक्के विकृती चालवून घेतली तर तेच यंत्र सुमारे ३२ वॅटचे ठरते; लाट पुरती चौकोनी झाली तर ५० चे!

बाद नग धरून उत्पादन सांगावे, त्यातलाच हा प्रकार. बरे, २५ चे ३२ झाले म्हणून आवाज वाढतो अवघा एक डेसिबल. कानाला तो जेमतेम जाणवतो. शब्द मात्र बुजतात.

अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ साली घरगुती ध्वनिवर्धकांच्या जाहिरातींसाठी नियम केला: सतत मिळणारी शक्ती सांगा आणि ती किती विकृतीला, तेही सांगा. २०२४ साली तो सुधारून ८ ओहमवर, २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत, १ टक्क्याहून कमी विकृतीला मोजण्याची अट घातली गेली.

आपण दुकानात तीन प्रश्न विचारावेत: किती ओहमवर? किती टक्के विकृतीला? सतत की क्षणभर? करारावर सही करण्यापूर्वी आम्ही बारीक अक्षरे वाचतो. वर्गणीचा पैसा खर्चतानाही ती वाचायला हवी होती.