धंद्याची वेबसाइट आणि न वाजणारा फोन

आमच्या चाळीमागे, कल्याण पूर्वेला, फ्रीज आणि एसी दुरुस्त करणारा एक होतकरू तरुण राहतो. आयटीआय केलेला, कामाला पक्का, बोलायला नम्र. आठ वर्षे दुसऱ्याच्या दुकानात पाना-पकड चालवल्यावर त्याने हिंमत करून स्वतःचा गाळा भाड्याने घेतला. धंदा वाढवायचा तर वेबसाइट हवी, असे कोणीतरी त्याच्या मनात भरवले. त्याने बायकोचे कानातले गहाण ठेवून बावीस हजार रुपये मोजले आणि वेबसाइट करून घेतली. त्यानंतर चार महिन्यांत तिच्यावरून फोन आला तो एकच. तोही गिऱ्हाइकाचा नव्हे! ‘तुमची वेबसाइट गुगलवर पहिल्या नंबरला आणून देतो, पंधरा हजार भरा,’ असे सांगणाऱ्याचा.

एका रविवारी दुपारी तो मोबाईल घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, “काका, तुम्ही ऑफिसात कॉम्प्युटरवर बसता. बघा ना, हिच्यात खोट कुठे आहे?”

मी काही संगणकाचा इंजिनिअर नव्हे. बी. कॉम. झालेला साधा कारकून. पण इतकी वर्षे लोकांचे अर्ज हातावेगळे करताना एक गोष्ट कळली आहे. अर्जात चार पाने मजकूर असतो आणि जे आधी पाहायचे तेच कुठे सापडत नाही, असा अर्ज टेबलावर पडून राहतो. कारकून वाईट असतो म्हणून नव्हे, तर त्याच्यापुढे आणखी चाळीस अर्ज असतात म्हणून. या वेबसाइटचेही नेमके तेच झाले होते.

मुळात ती उघडायलाच इतका वेळ लागला की, माझा अर्धा चहा पिऊन झाला. मग एकामागून एक सरकणारी मोठमोठी चित्रे आली. कोट-टाय घातलेले गोरे लोक हस्तांदोलन करीत आहेत! त्याखाली इंग्रजीत ‘वेलकम टू अवर वेबसाइट’. मग ‘आमचे ध्येय’, ‘आमची दूरदृष्टी’. हा माणूस काय काम करतो, कुठे करतो, याचा पत्ता नाही. फोन नंबर होता, पण तळाशी, आणि तोही एका चित्रात. बोटाने दाबला तरी फोन लागत नव्हता.

मी विचारले, “तुझ्या गाळ्यावर पाटी काय लावली आहेस?”

“फ्रीज, एसी, वॉशिंग मशीन दुरुस्ती. आणि खाली मोबाईल नंबर.”

“मग तीच पाटी इथे का नाही?”

तो गप्प बसला. पैसे घेणाऱ्याने त्याला हे कधी विचारलेच नव्हते.

बंधू-भगिनींनो, वेबसाइट कोण पाहतो याचा जरा विचार करा. मे महिना आहे. एका घरात फ्रीज बंद पडला आहे, दूध नासते आहे. घरातली बाई मोबाईल हातात घेते आणि शोधते. तिला तुमचे ध्येय वाचायचे नाही. तिला तीन गोष्टी हव्या आहेत: हा माणूस फ्रीज दुरुस्त करतो का, आमच्या भागात येतो का, आणि फोन कुठे करायचा. या तिन्ही गोष्टी पडदा न सरकवता दिसल्या पाहिजेत. नाहीतर ती मागे फिरते आणि यादीतल्या पुढच्या माणसाला फोन करते.

म्हणून आम्ही पहिले काम हेच केले. सरकती चित्रे काढून टाकली. वर मोठ्या अक्षरांत लिहिले, ‘फ्रीज, एसी व वॉशिंग मशीन दुरुस्ती. कल्याण पूर्व, कोळसेवाडी, विठ्ठलवाडी, चिंचपाडा, तिसगाव.’ त्याखाली दोन बटणे. एक दाबले की थेट फोन लागतो, दुसरे दाबले की व्हॉट्सॲपवर बोलणे सुरू होते. ही सोय करायला काही वेगळे पैसे पडत नाहीत. पूर्वी त्या जागी नाव, आडनाव, ई-मेल, विषय, संदेश असा रकान्यांचा अर्ज होता. दूध नासत असताना ई-मेल कोण लिहीत बसणार?

दुसरी गोष्ट शब्दांची. प्रत्येक पानाला एक शीर्षक द्यावे लागते. गुगलच्या यादीत बहुधा तेच ठळक ओळ म्हणून दिसते. त्याच्या पानाचे शीर्षक होते ‘होम’! त्यावरून गुगलला काय कळणार आणि माणसाला तरी काय कळणार? तिथे कामाचे आणि गावाचे नाव घातले. मग त्याला म्हटले, गिऱ्हाईक फोनवर नेमके काय बोलते ते सांग. तो सांगू लागला: ‘फ्रीज चालू आहे पण गार होत नाही’, ‘खाली पाणी साचते’, ‘एसीतून पाणी गळते’, ‘मशीन कपडे पिळत नाही’. दुकानदार ‘सर्व्हिसेस’ म्हणतो, पण गिऱ्हाईक असे बोलते, आणि शोधतानाही तेच शब्द वापरते. अशा प्रत्येक तक्रारीवर आम्ही एकेक छोटे पान केले. कारण काय असू शकते, घरच्या घरी काय तपासून पाहावे, आणि मेकॅनिकला कधी बोलवावे. एसीची जाळी धुतली तरी पुष्कळदा गारवा वाढतो, हे त्याने फुकट सांगून टाकले. आधी तो कुरकुरला, “काका, असे सांगितले तर बोलावणार कोण?” पण जो माणूस खरे सांगतो त्यालाच मोठे काम मिळते, हा माझा अनुभव आहे.

इथे एक अडचण निघाली. मराठी मजकूर फ्लेक्सवाल्याकडून आणला होता. तो जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला. छापताना तो मराठी दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरे असतात. म्हणून गुगलला त्यातले काहीच वाचता येत नाही. मजकूर युनिकोडमध्येच हवा, म्हणजे आपण मोबाईलवर मराठी टाइप करतो तसा. त्याच्या बायकोने सगळा मजकूर रात्री बसून पुन्हा मोबाईलवर लिहून काढला. बारावी शिकलेली, पण शुद्धलेखन माझ्या ऑफिसातल्या साहेबांपेक्षा बरे! हिंदीतही दोन पाने केली, कारण उल्हासनगरच्या बाजूचे गिऱ्हाईक बरेचसे हिंदीतच बोलते.

दरांबाबत बराच वाद झाला. भाव लिहिले तर समोरचा कमी लावील, अशी त्याला भीती. मी म्हटले, गिऱ्हाइकाची भीती मोठी आहे. अनोळखी माणूस घरात येणार, यंत्र उघडणार आणि मग तोंडाला येईल तो आकडा सांगणार, ही धास्ती प्रत्येक घरात असते. शेवटी त्याने तीन वाक्ये लिहिली: तपासणीचे शुल्क किती, काम दिले तर ते बिलातून वजा होईल, आणि बदललेला जुना भाग गिऱ्हाइकाला दाखवून परत दिला जाईल. पुढे ज्यांनी फोन केले त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी या तिसऱ्या वाक्याचा उल्लेख केला.

गोऱ्या लोकांच्या जागी त्याचे स्वतःचे फोटो टाकले. गाळा, हत्यारांची पेटी, आणि उघडलेल्या एसीपुढे बसलेला तो. मात्र मोबाईलने काढलेला फोटो चार-पाच एमबीचा असतो. तो तसाच चढवला की पान रखडते, आणि स्वस्त मोबाईलवर तर उघडतच नाही. तो आधी लहान करून घ्यावा. शे-दोनशे केबीत काम भागते. वेबसाइटला सुरक्षित जोडणी आहे ना तेही पाहावे. २०१८ पासून क्रोम ती नसलेल्या वेबसाइटवर ‘सुरक्षित नाही’ असा शेरा मारते. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र विनामूल्यही मिळते. कोणी त्याचे हजारो रुपये मागितले तर देऊ नका.

आता सर्वांत महत्त्वाचे. आसपासचे काम मिळवायचे असेल तर नुसत्या वेबसाइटने भागत नाही. गुगलच्या नकाशावर धंद्याची नोंद हवी. ही नोंद मोफत आहे. २०१४ पासून तिला ‘गुगल माय बिझनेस’ म्हणत, २०२१ मध्ये ‘बिझनेस प्रोफाइल’ असे नाव झाले. पडताळणी झाली की नाव, वेळ, फोन, फोटो आणि वेबसाइट सगळे एका ठिकाणी दिसते. गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन काम करणाऱ्याला आपल्या घरचा पत्ता न दाखवता नुसता कामाचा परिसरही दाखवता येतो. शिवणकाम किंवा पाळणाघर घरून चालवणाऱ्या भगिनींनी हे अवश्य ध्यानात ठेवावे. वर-खाली क्रम लावताना शोधाशी जुळणी, अंतर आणि धंद्याची प्रसिद्धी या गोष्टी पाहतो, असे गुगलच सांगते. पहिल्या नंबरची हमी कोणीही देऊ शकत नाही, हेही त्यांचेच म्हणणे. पैसे भरून जाहिरात वर दाखवता येते, पण ती जाहिरात. पैसे संपले की तीही संपली. त्या पंधरा हजारवाल्याला काय उत्तर द्यायचे ते यावरून ठरवा.

अभिप्राय मात्र मागून घ्यावे लागतात. काम झाले, गिऱ्हाईक खूश दिसले की तिथल्या तिथे दुवा पाठवावा. सूट देऊन किंवा पैसे देऊन अभिप्राय लिहवून घेणे गुगलच्या नियमांत बसत नाही, आणि मेव्हण्या-भाच्यांकडून लिहवून घेतलेले तर कोणालाही ओळखू येतात. आमच्या मित्राला एकदा वाईट अभिप्राय आला, ‘वेळेवर आला नाही’. तो चिडून उत्तर द्यायला निघाला होता. बायकोने फोन काढून घेतला आणि तिने लिहिले, ‘त्या दिवशी उशीर झाला हे खरे आहे, क्षमस्व. पुढची तपासणी विनाशुल्क करू.’ तो गिऱ्हाईक पुन्हा आला.

या सगळ्या खटाटोपात एक धक्का बसला. वेबसाइटचे नाव, ज्याला डोमेन म्हणतात, ते याच्या नावावर नव्हतेच! करून देणाऱ्याने स्वतःच्या नावावर घेतले होते. म्हणजे गाळा बांधला आपण आणि सातबारा दुसऱ्याचा. पुष्कळ फोन आणि दोन फेऱ्या मारल्यावर ते हस्तांतर झाले. तुम्ही वेबसाइट करून घेत असाल तर डोमेन तुमच्या नावाने, तुमच्या ई-मेलवर नोंदवा, सगळे पासवर्ड वहीत लिहून घ्या, आणि नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर खूण करून ठेवा. फुकटच्या जागेवरही फार विसंबू नका. गुगल प्रोफाइलमधून मोफत एक पानी वेबसाइट मिळत असे, ती सोय मार्च २०२४ मध्ये बंद झाली. ज्यांचा सारा धंदा तेवढ्यावर उभा होता त्यांना नवी जागा शोधावी लागली.

राहिला हिशेब. वेबसाइट किती जणांनी पाहिली हे सांगणारी साधने आहेत. गुगलचे ‘सर्च कन्सोल’ फुकट आहे, लोक काय शोधून आपल्यापर्यंत आले ते त्यात दिसते. पण माझा विश्वास वहीवर. मी त्यांना एक रजिस्टर आखून दिले: तारीख, नाव, काम, रक्कम, आणि शेवटचा रकाना ‘कुठून कळले?’ प्रत्येक गिऱ्हाइकाला हा प्रश्न विचारायचाच. वर्षाचा डोमेन आणि होस्टिंगचा खर्च या रकान्यातल्या ‘वेबसाइट’वाल्यांनी भागला, की एका गिऱ्हाइकामागे किती पडले ते कळते. तेवढे काढायला बी. कॉम. लागत नाही.

रजिस्टरवरूनच एक चूक सापडली. दुपारी आलेले फोन वाया जात होते, कारण त्या वेळी हा शिडीवर असायचा. वेबसाइट चांगली झाली तरी फोन उचलणार कोण, हे आम्ही कोणीच धरले नव्हते. आता तो नंबर बायकोकडे असतो. ती तक्रार विचारते, यंत्राचा फोटो मागवते, वेळ ठरवते आणि रजिस्टरमध्ये नोंद करते.

पहिल्या महिन्यात वेबसाइटच्या रकान्यात दोनच नोंदी झाल्या. दुसऱ्यात पाच. उन्हाळा लागला तसे पान भरत गेले. कानातले अजून सोडवायचे आहेत. रजिस्टरच्या शेवटच्या पानावर तिने त्याचा वेगळा हिशेब मांडला आहे, आणि तो ती नवऱ्याला दाखवत नाही.