जाणत्याच्या संगतीनें प्रवास

प्रवास दोन प्रकारचा असतो. एक केवळ पाय चालविण्याचा, व दुसरा पायांबरोबर डोळे आणि बुद्धि चालविण्याचा. पहिल्यास अंगांत बळ व खिशांत थोडे पैसे असले म्हणजे पुरे. दुसऱ्यास मात्र बहुधा एखाद्या जाणत्या मनुष्याची सोबत लागते. अलीकडे एखाद्या विषयाचा तज्ज्ञ पुढें व दहापंधरा जिज्ञासू मागें, अशा मंडळ्या दूरदूरच्या देशीं जात असतात. सिंहलद्वीप, म्हणजे आजची श्रीलंका, येथें अशा कित्येक मंडळ्या जातात. ही प्रवासाची रीति कशी असते, व शहापूर-मुरबाडकडील आपणां विद्यार्थ्यांस तिचा काय उपयोग, याचा येथें थोडा विचार करूं.

श्रीलंकेच्या नैर्ऋत्य भागांत सिंहराज नांवाचें घनदाट अरण्य आहे. १९८८ सालीं त्याची गणना जागतिक वारशाच्या स्थळांत झाली. तेथें अनेक जातींचे पक्षी एकच थवा करून हिंडतात. नवखा मनुष्य त्या अरण्यांत तासभर उभा राहिला तरी त्यास पानांवांचून फारसें कांहीं दिसत नाहीं. जाणता मात्र आधीं कान देतो. सातभाईच्या कुळांतील एका पक्ष्याचा कलकलाट ऐकूं येतांच तो मंडळीस थांबवितो, कारण त्या पक्ष्यामागून इतर पक्षी येणार हें त्यास ठाऊक असतें. एकाच्या हालचालीनें उडालेला किडा दुसऱ्यास मिळतो, व अनेक डोळ्यांस शत्रूची चाहूल लवकर लागते, म्हणून हा सहवास. हें कारण कळल्यावर तोच देखावा निराळा दिसूं लागतो.

कोणी म्हणेल, लंका कोठें आणि मुरबाड कोठें! परंतु निसर्गाच्या विविधतेची मोजदाद करणारे शास्त्रज्ञ पश्चिम घाट व श्रीलंका हीं दोन्हीं मिळून एकच प्रदेश मानतात. इतिहासाचेंही तसेंच आहे. सहाव्या शतकांतील कॉस्मस नांवाच्या ग्रीक प्रवाशानें कल्याण बंदराचा सिंहलद्वीपाशीं व्यापार चालत असल्याचें लिहून ठेविलें आहे. या कल्याणाहून घाटमाथ्यावर जाणारी सातवाहनकालीन वाट म्हणजे आपला नाणेघाट. मुरबाड तालुक्यांतील वैशाखरें गांवाहून ती चढून गेलें म्हणजे माथ्याजवळ एक लेणें लागतें. नुसत्या सहलीस गेलेल्या मुलास तें सांवलीचें ठिकाण वाटतें. परंतु लिपि जाणणारा बरोबर असला, तर भिंतींवरील त्या रेषा राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख होतात; त्यांतून तिनें यज्ञप्रसंगीं दिलेल्या गाईंची, घोड्यांची व नाण्यांची गणती वाचतां येते. भारतांतील अति प्राचीन अंक ज्या लेखांत सांपडतात, त्यांपैकीं हा एक आहे. आपण वर्गांत जे अंक गिरवितों, त्यांचे पूर्वज आपल्याच डोंगरांत आहेत हें आपल्यापैकीं कितीजणांस ठाऊक आहे?

दुसरें उदाहरण शहापूर तालुक्यांतील घ्या. वनपिंगळा नांवाचें एक लहान घुबड आहे. तें दिवसाही हिंडतें, व साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर असतात तसे पांढरे ठिपके याच्या डोक्यावर जवळजवळ नसतात. १८७३ सालीं त्याचें शास्त्रीय वर्णन झालें. १८८४ नंतर तें खात्रीनें कोणा संशोधकास मिळालें नाहीं. मध्यंतरीं मायनर्ट्झहागेन नांवाच्या एका नामांकित इंग्रज अधिकाऱ्यानें १९१४ सालीं गुजराथेंत मिळालेला म्हणून एक नमुना पुढें केला. त्यावर विसंबून शोधणारे भलत्याच ठिकाणीं शोधीत राहिले. पुढें पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषीनें जुने नमुने बारकाईनें तपासले, तेव्हां तो नमुना दुसऱ्याच्या संग्रहांतून चोरलेला असल्याचें उघड झालें. मग विश्वसनीय नोंदींच्या आधारें त्या दोन सोबत्यांसह निघाल्या, आणि नोव्हेंबर १९९७ मध्यें खानदेशांत शहाद्याजवळ तो पक्षी पुन्हां दिसला. २०१४ सालीं तोच आपल्या तानसा अभयारण्यांतही आढळला.

या कथेंत दोन बोध आहेत. जाणत्यावांचून दाराशीं असलेलें धन दिसत नाहीं, हा पहिला. जाणत्याचा शब्दही पुराव्यावांचून मानूं नये, हा दुसरा. खरा मार्गदर्शक "मी सांगतों म्हणून" असें म्हणत नाहीं. तो खूण दाखवितो व पडताळून पाहावयास लावतो.

आतां कोणी विचारील, आम्हांस असा तज्ज्ञ कोण देणार? उत्तर असें कीं, तो आपल्या पाड्यावरच आहे. पहिल्या पावसानंतर रानांत शेवळें उगवतात. तीं खाजरीं असतात. परंतु काकडाचीं आंबट फळें घालून शिजविलीं म्हणजे खाज मोडते. ही विद्या आपल्या ठाकूर, कातकरी व महादेव कोळी घरांतील आजीबाईंजवळ आहे. तिनें ती वहींत लिहिलेली नाहीं. ती गेली म्हणजे तिच्याबरोबर विद्याही जाईल. तानसेच्या पाण्याचें मोल दूरच्या मुंबईस कळलें व १८९२ पासून तें तिकडे जातें. याच तालुक्यांतील कित्येक पाड्यांस उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते. आपल्या भूमीची ओळख दुसऱ्यांनींच आधीं करून घेतली, तर तिच्याविषयींचे निर्णयही दुसरेच करतील.

म्हणून, विद्यार्थिमित्रांनो, पुढच्या सुटींत पांचसात जण मिळून निघा. एक जाणता मनुष्य व एक वही बरोबर घ्या. रानांत हळू बोला, घरट्याजवळ जाऊं नका, लेण्याच्या भिंतीवर आपलें नांव कोरूं नका. जें पाहाल त्याची तारीख व ठिकाण त्याच दिवशीं लिहून ठेवा, आणि जें ऐकाल तें कोणाकडून ऐकलें हेंही लिहा. पुढें कधीं लंकेस जाण्याचा योग आलाच, तर येथें शिकलेले डोळे व कान तेथेंही उपयोगीं पडतील.